घरी येऊन लिहीन

गारगोटी,
८ जुलै १९९६

ती. आक्का यांस,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम.

निघताना बाबांनी बजावलं होतं, नोकरीवर हजर झालीस की पहिलं पत्र जयसिंगपूरला आक्काला टाक, आपल्या भावकीतली पहिली मास्तरीण ती. पहिलं पत्र आईला गेलं, हे दुसरं. रागावू नका.

करंबेवाडीची शाळा चौथीपर्यंतची. सयाजी गुरुजींकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी. वाडीत खोली बघितली, पण सगळ्या खोल्यांत वैरण भरलेली आहे म्हणे. म्हणून गारगोटीत राहते. एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढं चालत.

शिकवणं जमतंय. पोरं गोड आहेत. जमत नाहीत ते त्यांचे आईबाप. आक्का, डी.एड.ला दोन वर्षं आम्हाला पाठ कसा घ्यावा ते शिकवलं, पण शाळा सुटल्यावर व्हरांड्यात उभ्या असलेल्या आयांचं काय करावं हे कुणीच शिकवलं नाही. एक आली, म्हणाली, "बाई, पोरगं कारल्याला त्वांड लावत न्हाय, तुमी वर्गात सांगा." मी आपलं सांगितलं, कारलं खाणारी मुलं हुशार होतात. दुसऱ्या दिवशी बाकीच्या आया भांडायला हजर. पोरं कारलं मागत होती आणि बाजार होता गुरुवारी.

गिरणीवाले हंबीरराव शाळा समितीवर आहेत. त्यांचा यशराज सकाळी उठत नाही. "तुमी येताना वाटंवरनं एक हाक मारा की, तुमाला भितंय ते." म्हणून मी रोज त्यांच्या दारासमोर उभी राहून ओरडते. वाडीतल्या आकारामना विजेच्या खांबासाठी अर्ज हवा असतो. म्हशीच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायला कोणीतरी येतंच. आणि विठाबाई म्हणून एक आहे, दुसरीतल्या अतुलची आई. तिला रुसलेल्या भावाला पत्र लिहून हवं होतं. म्हणाली, "रागानं लिवा, पर त्यो याला पायजे." असं पत्र कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा.

परवा आकारामच्या अर्जापायी शेवटची गाडी चुकली. फाट्यावरून दुधाच्या टेम्पोत बसून आले. गंमतच झाली.

पण तक्रार करतेय असं समजू नका. मान फार आहे. मधल्या सुट्टीत कुणाच्या ना कुणाच्या घरून किटलीतून चहा येतो, मला कुणाच्या दारात जावं लागत नाही. माझ्यासाठी एक वेगळा फुलाफुलांचा कपही आणून ठेवलाय शाळेच्या खिडकीत. गुरुजींनासुद्धा असा कप नाही.

एवढंच विचारायचं होतं की लोकांना न दुखवता 'नाही' कसं म्हणायचं. तुम्ही तीस वर्षं काढलीत, तुम्हाला युक्ती ठाऊक असेल.

तुमची,
संघप्रिया


जयसिंगपूर,
१६ जुलै १९९६

चि. प्रिया हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसले. कारल्याचा भाग शेजारच्या बाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या तुमच्या भाचीला पोरं सोडून आयांचाच वर्ग द्यायला पाहिजे. मला आत्या म्हणायचं सोडून सगळ्यांसारखं आक्का म्हणतेस, तेव्हा मोठ्या बहिणीसारखी कान धरायचा हक्क आहे माझा. दुसऱ्याच्या पोराला उठवायला रस्त्यात उभं राहून ओरडायचं ही कुठली नोकरी? तुझ्या बापाला लहानपणी उठवायला आम्ही तांब्याभर पाणी ओतायचो. ती युक्ती हंबीररावांना कळव.

भावाला पत्र असं लिही की आधी सगळे राग क्रमानं घाल आणि शेवटी पोरांची खुशाली घाल. मामाला भाचरं आठवली की पाय आपोआप वळतात.

आता एक विचारते, नीट बघून उत्तर दे. सयाजी गुरुजींनाही चहा किटलीतूनच येतो का? की ते कुणाच्या तरी सोप्यावर जाऊन पितात? आणि तो फुलाफुलांचा कप, तो कोण धुतं? वाडीत वैरण कोणत्या खोल्यांत भरली आहे, ते तू डोळ्यांनी बघितलंस का?

मी म्हातारी आहे, म्हाताऱ्यांना नसत्या शंका येतात. माझं चुकत असेल तर मला मनापासून आनंद होईल.

अंजनाआक्का


गारगोटी,
२ सप्टेंबर १९९६

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

तुमच्या पत्राचा राग आला होता. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं, म्हणून इतके दिवस गेले. मनात म्हणत होते की आक्कांचा काळ वेगळा, आता शहाण्णव साल आहे, माझ्या पोरी माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणतात.

पण शंका डोक्यात शिरली की डोळे बघायचं सोडत नाहीत. गुरुजी मधल्या सुट्टीत अण्णासोंच्या सोप्यावर जातात. अण्णासो म्हणजे विठाबाईचे सासरे, वाडीतलं मोठं घर. तिथं सगळ्यांबरोबर चहा घेतात. माझा चहा शाळेत येतो. कप मीच धुते. चहा घेऊन येणाऱ्या बायका किटली उंच धरून ओततात. मला वाटायचं फेस यावा म्हणून. किटलीची चोच कपाला लागू नये म्हणून असतं ते, आक्का. आणि वैरणीच्या खोलीत गेल्या महिन्यात ग्रामसेवक राहायला आले.

कांबळे आडनाव त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. मलाच कळायला तीन महिने लागले. कुणी वाईट बोलत नाही. बाई, बाई करतात. अर्ज माझ्याकडून, बाळाचं नाव माझ्याकडून, औषधाची बाटली माझ्यासमोर, पण मी उंबऱ्याच्या आत नाही. मी किती खुळी, त्या कपाचं कौतुक तुम्हाला लिहून कळवलं.

आता सगळं बंद करणार आहे. शाळा सुटली की छत्री उचलायची आणि चालायला लागायचं. बदलीचा अर्जही लिहून ठेवलाय.

संघप्रिया


जयसिंगपूर,
९ सप्टेंबर १९९६

चि. प्रिया,

तू खुळी नाहीस. कप फुलाफुलांचा असेल तर कुणालाही आवडेल. लिहिताना माझाही हात जड झाला होता. तरी लिहिलं, कारण आणखी वर्षानं तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं असतं तर जास्त लागलं असतं.

बदलीचा अर्ज फाडून टाक. बदली होईल ती दुसऱ्या गावात, चंद्रावर नाही.

आणि 'नाही' म्हणू नकोस. तूच युक्ती मागितली होतीस ना, तर ही घे. यापुढं कुणी काम सांगितलं की हसून एवढंच म्हणायचं, "करते की. तुमच्या घरी येऊन करते." अर्ज असो, पत्र असो, बारशाचं नाव असो. शाळेच्या व्हरांड्यात काही करायचं नाही, रस्त्यातून हाका मारायच्या नाहीत. जो 'चला' म्हणेल त्याच्या घरी जायचं, बसायचं, देतील ते खायचं-प्यायचं, काम चोख करायचं. जो म्हणणार नाही त्याचं काम तिथंच संपलं. तू कुणाला नाही म्हणालेली नसशील. म्हटलं तर त्यांनी म्हटलं.

भाषण द्यायचं नाही. पोरांवर राग काढायचा नाही, ती तुझ्या मांडीवर बसतात ते खरं आहे. आणि शेवटची गाडी चुकवायची नाही. तेव्हा वाडीत कुणी 'रात्रीची राहा' म्हटलं नाही, ती गंमत नव्हती, हे तुला आता कळलं असेलच.

आक्का


गारगोटी,
२४ नोव्हेंबर १९९६

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

तुमच्या युक्तीनं माझ्या संध्याकाळी एकदम मोकळ्या केल्या. आठवड्यातच व्हरांडा ओस पडला. काय एकेक उत्तरं मिळाली म्हणून सांगू. आकाराम खांबाचा दुसरा अर्ज घेऊन आले. मी म्हटलं, घरी येऊन लिहीन. तर म्हणाले, "कशाला? लांब पडतंय तुमाला." आक्का, त्यांचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. वर्गात त्यांच्या कोंबड्या ऐकू येतात. हंबीररावांना म्हटलं, घरात येऊन यशराजला उठवते. दुसऱ्या दिवसापासून यशराज आपोआप उठायला लागला, घंटेच्या आधी शाळेत. कारल्यावाली म्हणाली, आता खातोय.

पण सगळीच तशी नाहीत. पहिलीतल्या साक्षीच्या आईला म्हटलं, बारशाचं नाव काढायला घरी येते, तर ती म्हणाली, "चला की, त्यात काय इचारायचं." नेलं, चुलीपाशी बसवलं आणि मांडीवर शेंगांचं सूप ठेवलं. नाव निघेपर्यंत मी शेंगा फोडत होते. तिची सासू म्हणाली, बाईंना फोडायला येत्यात, पण निम्म्या खात्यात. खाल्ल्याच होत्या. परत येताना फाट्यापर्यंत गाणं म्हणत आले, एकटीच. अशी तीन घरं झालीत आतापर्यंत. तुम्ही तीस वर्षांत कितीतरी केली असतील, तुम्हाला हे नवीन नाही. मला फार नवीन आहे, म्हणून लिहिते.

एक गोष्ट लागून राहिलीय. विठाबाई. भावाच्या पत्रासाठी ती पुन्हा आली होती, पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून. मी म्हटलं, घरी येते. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, "सासूला इचारून सांगतो बाई." त्यानंतर ती शाळेकडे आलीच नाही. अतुलला सोडायला आली तरी फाटकातूनच परत जाते. बाकीच्यांचं मला काही वाटत नाही, पण ती मला आवडत होती. तिचं पत्र राहून गेलं ते वाईट वाटतं.

तुमची,
प्रिया


जयसिंगपूर,
३ डिसेंबर १९९६

चि. प्रिया,
तीन घरं पुष्कळ झाली. शेंगा जास्त खाऊ नकोस, पित्त होतं. माझ्या तीस वर्षांचं राहू दे, ते पुन्हा कधी. विठाबाईचं दार तू ढकलायचं नाहीस. आतून कडी काढायची असेल तर तीच काढेल. थंडी फार आहे, स्वेटर पाठवते आहे, रंग आवडला नाही तरी घालायचा.

आक्का


गारगोटी,
६ एप्रिल १९९७

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

आज मोठं पत्र आहे. चहा घेऊन बसा.

विठाबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं, मे महिन्यात. पत्रिका छापायची म्हटल्यावर वाडीत रणधुमाळी सुरू झाली. तुम्हाला ठाऊकच आहे, निमंत्रकांत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं राहिलं. मागच्या लग्नात एकाचं नाव पुतण्याच्या खाली छापलं गेलं, तर त्यानं मांडवाकडे पाठ केली, तो अजून वळलेला नाही. आता पत्रिका लिहायला कुणी तयार होईना. जो लिहील तो जन्माचा वाईट होणार. तेव्हा हंबीरराव म्हणाले, "बाईंना लिवू द्या. त्यांचं हितं कोणबी न्हाय." हे मला आकारामनी येऊन सांगितलं, मोठी शाबासकी दिल्यासारखं.

मी म्हटलं, लिहिते, घरी येऊन लिहीन. या वेळी ते 'लांब पडतंय' म्हणू शकले नाहीत. सगळी भावकी समोर बसल्याशिवाय नावं लागणार नव्हती, आणि अण्णासो काही शाळेतल्या बसकरावर येऊन बसणार नव्हते. दोन दिवसांनी निरोप आला, या.

तर आक्का, गेल्या रविवारी मी अण्णासोंच्या सोप्यावर बसले. विठाबाईनं घोंगडं अंथरलं, माझ्याकडं बघितलं नाही. वर कुलदैवतांची नावं त्यांनी सांगितली, मी लिहिली. अक्षर बघून अण्णासो म्हणाले, छापल्यावाणी हाय. मग नावं. मी म्हटलं, वयानं लावू, शाळेत उंचीनं लावतो तसं, म्हणजे कुणाची तक्रार नको. झालं. जो तो आपलं वय वाढवायला लागला. हंबीरराव आणि आकाराम चुलतभाऊ, दोघंही एकमेकांपेक्षा मोठे निघाले. आवाज चढले. तेवढ्यात आतून विठाबाईच्या सासूचा, धोंडुबाईंचा आवाज आला, "हंब्या पंचमीला झाला, आक्या दिवाळीला. दोगांची नाळ म्या कापलीया. गप लिवा." मला हसू आवरेना. मी त्या म्हातारीला अजून नीट पाहिलंही नव्हतं आणि ती मला आवडून गेली.

वरच्या पिढीची नावं झाली आणि चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या कपातून. माझ्यासमोर विठाबाईनं शाळेचा फुलाफुलांचा कप ठेवला. अतुलला धाडून खिडकीतून आणवला होता.

मला खरंच वाटलं होतं की आत बोलावलंय म्हणजे झालं. पण तुम्ही भाषण नको म्हटलं होतं. मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "हा कप शाळेचा आहे, शाळेची वस्तू घरात वापरता येत नाही. मी तो जागेवर ठेवून येते. उरलेली नावं नंतर बघू." चहा परड्यात ओतला, कप घेतला आणि चालू लागले. फाट्यावर पोचेपर्यंत रडू आलं नाही, गाडीत आलं.

आज रविवार, शाळा नाही, म्हणून लिहीत बसलेय. कागद माझ्या पिशवीतच राहिलाय, अर्धा लिहिलेला. परत देऊन टाकू का?

प्रिया


जयसिंगपूर,
१२ एप्रिल १९९७

चि. प्रिया,

कागद मुळीच देऊ नकोस. अगं, तुला कळत नाही का तू काय केलंस ते? अर्ध्या भावकीची नावं लागली आणि अर्धी लटकली. ज्यांची लागली ते सोप्यावर मिशा पिळत बसले असतील आणि ज्यांची राहिली ते त्या घराच्या जिवावर उठले असतील. आता एका चहापायी कुणाचं नाव राहतं हे त्यांचं ते बघतील. तुझं हे पत्र मिळाल्यापासून मी आपली हसते आहे आणि मधेच डोळे पुसते आहे.

आता तुला सांगते, तू मला फार मोठी समजतेस म्हणून. 'घरी येऊन करते' असं मी तीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. मी कुणाच्या घरी गेले नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा घरून न्यायचे आणि दुपारी वर्गाचं दार लोटून भाकरी खायचे. कुणी काम सांगितलं की माझं उत्तर ठरलेलं, शाळेचं असेल तर बोला. लोक म्हणायचे, कांबळेबाई फार करारी. करारी कसली, मी भीत होते. मी कुणाच्या दारात गेलेच नाही, त्यामुळं मला कुणी परत पाठवलं नाही. आणि कुणी आत घेतलं असतं की काय, तेही कळायचं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून ही युक्ती मला सुचली. वापरायला गाव उरलं नव्हतं. तुझं पत्र आलं.

म्हणून तू त्या सोप्यावरून रिकाम्या हातानं आलीस असं समजू नकोस. तू तिथं बसून आलीस.

आक्का


गारगोटी,
२० एप्रिल १९९७

ती. आक्का,

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. काय लिहावं कळत नाही, म्हणून आधी इकडची हकिकत लिहिते.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. बुधवारी शाळा सुटल्यावर आकाराम आणि आणखी चौघं व्हरांड्यात. "बाई, आमची नावं ऱ्हायली की. छापखान्यावाला खोळंबलाय." मी सरळ सांगितलं, "घरात सगळ्यांना जसा चहा देता तसा मला देणार असाल तर आत्ता येते." आकाराम म्हणाले, "एवढंच व्हय? आमास्नी वाटलं तुमाला त्यो कप आवडतो." खरं बोलत होते की सावरत होते, देव जाणे. मी म्हटलं, एवढंच. मग ते निघाले, आणि थोड्या वेळानं अण्णासोंच्या दारातून त्यांचा आवाज शाळेपर्यंत ऐकू आला, "अण्णा, एका कपासाठी आमची नावं घालवताय व्हय?"

शनिवारी गेले. विठाबाई ताटातून चहा घेऊन आली, सगळे कप सारखे. तिनं ताट आधी माझ्यासमोर धरलं. मी एक उचलला. मग हंबीररावांनी उचलला, मग अण्णासोंनी. काही झालं नाही, आक्का. छप्पर जागेवर होतं. चहात साखर फार होती. मी नावं लिहिली, भांडणं झाली, आतून धोंडुबाईंनी ती मिटवली. त्या स्वतः मात्र बाहेर आल्या नाहीत आणि त्यांनी चहाही घेतला नाही, हेही लिहिते.

निघताना विठाबाई परड्यापर्यंत आली. म्हणाली, "त्या दिवशी कप म्याच ठेवला बाई. सासू बोलली आनि म्या ठेवला. मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हवती." मग तिथंच उभ्याउभ्या भावाला पत्र लिहायचं ठरलं. मी म्हटलं, घरात जाऊन लिहू, आणि तिनं माजघरात नेलं. यावेळी राग घातलाच नाही, नुसती भाचीच्या लग्नाची तारीख घातली.

सोबत पत्रिका आहे. ही मागणी माझी नाही, विठाबाईची. "तुमची जयसिंगपूरची आक्का हाय न्हवं, तिला घिऊन या." मी तुमच्याबद्दल तिला सांगितलंय, जरा जास्तच. याल ना? तुम्ही नाही म्हणालात तरी मला समजेल.

तुमची,
प्रिया


जयसिंगपूर,
२२ मे १९९७

चि. प्रिया,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गारगोटीच्या स्टँडवरच तुला सांगणार होते, पण गाडी लागलेली होती आणि तू माझ्या पिशव्या चढवण्यात गुंतलेली. म्हणून पत्र.

लग्नात तुला माइकवर बसवलं होतं. नवरदेवाच्या गाडीवाल्यानं गाडी बाजूला घ्यावी, आहेर करणाऱ्यांनी रांगेत यावं, कुणाचं तरी पोरगं हरवलं आहे ते आचाऱ्याजवळ आहे. आईबापांच्या मागण्या काही संपायच्या नाहीत तुझ्या. तुझा आवाज छान येत होता. विठाबाईचा भाऊ आलेला मी बघितला. भाचीच्या मागं उभा होता, मामाला उभं राहायचं असतं तिथंच, आणि विठाबाई त्याच्याकडं न बघता रडत होती.

पंगत झाली. तुझ्या शेजारी बसून जेवले, ते तू बघितलंसच. मला घास गिळायला वेळ लागत होता, तुला वाटलं रस्सा तिखट आहे. रस्सा तिखट होताच.

पुढचं तुला ठाऊक नाही. तू माइककडे गेलीस आणि मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले. तेवढ्यात एक वाकलेली म्हातारी काठी टेकत आली. धोंडुबाई. आवाजावरून ओळखलं, तू लिहिलं होतंस तसाच खणखणीत. जरा लांबच उभी राहिली. म्हणाली, "तुमी बाईंच्या आक्का न्हवं? मास्तरीण हुता म्हनं." मी हो म्हटलं. कनवटीचा एक कागद काढून तिनं माझ्यापुढं धरला. डोळ्यांच्या शिबिराचा होता. "आपरेशनला कवा बोलवलंय बगा. पोरास्नी इचारलं तर लगीन होऊ दे म्हणत्यात. मला नातीचं त्वांड न्हाय दिसलं आज धड, अक्षताबी अदमासानंच टाकल्या."

आता बघ, मी तीस वर्षं काय म्हणत आले? शाळेचं असेल तर बोला. आणि मांडवात उजेडही पुरेसा होता. कागद वाचता येत होता मला. तारीख उघड दिसत होती.

तरी मी म्हटलं, "इथं मला दिसत नाही. तुमच्या घरात चला, दिव्याखाली बघते."

कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, म्हणजे त्या डोळ्यांनी जेवढं दिसत असेल तेवढं. मला वाटलं, आता कागद परत घेईल. मी खुर्चीचा हात धरून ठेवला होता.

मग ती म्हणाली, "पायरी उच्ची हाय, जपून या," आणि वळून पुढं चालायला लागली. सोप्यावरून, माजघरातून, थेट आत. बायका भांडी घासत होत्या, त्या बघत राहिल्या. चुलीशी तिनं चाचपडत दिवा लावला आणि पायानं एक पाट माझ्याकडं सरकवला. हातानं नाही दिला. पायानं सरकवला. मी तेही बघितलं, आणि बसले. चौसष्ट वर्षांची आहे मी, गुडघे वाजले बसताना. तारीख वाचून दाखवली. तिनं दोनदा वदवून घेतली, मग कागद कनवटीला लावला.

"च्या घेणार?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही घेणार असाल तर घेते."

तिनं कनवटीची गाठ चाचपली. मग तिनं विठाबाईला हाक मारून सांगितलं, "दोन कप टाक गं."

तुझी,
आक्का